शेजारणीचा विस्तव

पूर्वी शाल्मली नगरीत राजा सुबल राज्य करीत असताना बोधिसत्त्व धान्याच्या एका मोठ्या व्यापाऱ्याच्या घरी जन्माला आला. वयात आल्यावर बापाची गादी त्याच्याकडे आली आणि लोक त्याला श्रेष्ठी म्हणू लागले. त्याच्याकडे पैसा पुष्कळ होता, पण या कथेत पैशाला फारसं काम नाही. ही कथा एका बाईच्या पोटदुखीची आहे, आणि ती पोटदुखी ओवा खाऊन जाणारी नव्हती.

सीमेवरच्या एका किल्ल्यावरून सुबल राजा आणि शेजारचा राजा यांच्यात जुंपली. किल्ला कुणी जिंकला ते विचारू नका. ज्याने जिंकला त्याला दगड मिळाले. मधल्या मध्ये किल्ल्याच्या पायथ्याचं कंबुग्राम जळून गेलं. उरलेली माणसं पोरंबाळं घेऊन शाल्मलीला आली. राजाने त्यांना जुन्या वीटभट्टीजवळचं माळरान दिलं. राजाच्या अधिकाऱ्याने रांगेत झोपड्या बांधून दिल्या, तांदूळ दिले, सरपण दिलं आणि प्रत्येक दाराशी एकेक नवी चकमक ठेवली.

तरी एकही चूल पेटली नाही. माणसं भिजवलेले तांदूळ चावून राहायची. म्हातारे रस्त्याकडे तोंड करून बसायचे. बायका बोलायला सुरुवात करायच्या आणि वाक्य अर्ध्यावरच सोडून द्यायच्या. डोळ्याला डोळा कुणाचाच लागत नव्हता. वैद्य आला, नाड्या पाहून चूर्ण देऊन गेला, पण फरक पडला नाही. अधिकारी वैतागला. "सगळं आयतं दिलं, तरी यांना चूल पेटवायचेही कष्ट नकोत," असं तो दरबारात जाऊन सांगून आला.

श्रेष्ठी मात्र माळावर गेला आणि त्यांच्यात मातीत बसला. त्याने काही विचारलं नाही. असा तो रोज येऊन बसू लागला. शेवटी त्यांच्यातली सर्वांत वयस्क बाई, भूरीआजी, आपण होऊनच बोलली.

"बाबा, चकमकीची आग आमच्यात चितेला देतात. चुलीला विस्तव शेजारणीकडून आणायचा असतो. तुमच्या माणसाने दाराशी चकमक ठेवली, तेव्हा आम्हाला वाटलं, मेलेल्यांचं आटपून घ्या म्हणतायत. आता आमचा शेजारच कुठे उरलाय?"

श्रेष्ठी घरी गेला आणि आपल्या चुलीतला निखारा काढू लागला. त्याची आई आडवी आली. "दिवेलागणीला विस्तव बाहेर दिला की लक्ष्मी जाते रे. गावात कुणी देतं का?"

"गेली तर माळावरच जाईल ना, आई," तो म्हणाला. "तिथे तिची गरज आहे." आणि खापरीत राख, राखेत निखारा, वर पुन्हा राख, असा तो विस्तव त्याने भर बाजारातून स्वतः नेला. दोन व्यापाऱ्यांनी त्या दिवसापासून त्याच्याशी व्यवहार बंद केला.

भूरीआजीच्या चुलीत तो विस्तव पडला आणि तिथून झोपडीझोपडीत गेला. कंबुग्रामाची जुनी रीत पुन्हा सुरू झाली. विस्तव देणारी विचारी, "घरात कोण जेवणार?" घेणारीने माणसं सांगायची. कुणाचा मुलगा तापाने पडलाय, कुणाची लेक आलीय, कुणाच्या सासऱ्यांनी अन्न सोडलंय, सगळं त्या एका प्रश्नातून कळे. जी विस्तवाला आली नाही, तिच्या दारात कुणीतरी जाऊन उभं राही. थोड्याच दिवसांत माणसं रडू लागली. हे बरं लक्षण होतं, कारण तोवर कुणी रडलंही नव्हतं. मग हळूहळू झोपही येऊ लागली.

फक्त रांगेच्या टोकाच्या अलीकडे राहणारी पाटली जागीच होती.

पाटलीचा नवरा सोमक आणि शेजारच्या चंपिकेचा नवरा भद्रक हे लहानपणापासूनचे जिवलग. दोघांना किल्ल्याच्या पहाऱ्यावर नेलं होतं. लढाई संपल्यावर दोघी बायका रस्त्याच्या वळणावर एकमेकींचा हात धरून उभ्या राहायच्या. एक दिवस वळणावरून एकच माणूस लंगडत आला, आणि तो भद्रक होता. चंपिकेने पाटलीचा हात सोडला आणि धावली. बस, एवढंच झालं होतं. दुसरं कुणी असतं तरी धावलंच असतं. पण पाटलीच्या मनात तो सुटलेला हात काट्यासारखा रुतून बसला.

सोमक मेला म्हणावं तर कुणी पाहिलं नव्हतं, आणि जिवंत म्हणावं तर तो येत नव्हता. भद्रकाला विचारावं तर तो कुणाशीच बोलत नव्हता. आपल्या झोपडीत दाराकडे पाठ करून बसलेला असायचा. पाटलीला अंगणातून दिसे ती त्याची पाठ. तेवढी पाठही तिला जळायला पुरे होती. 'माझ्या दारात तसं बसायला पाठसुद्धा नाही,' ती मनात म्हणायची. चंपिकेने नवऱ्यासाठी पेज केली की हिच्या पोटात दुखायचं. चंपिकेने त्याचं उपरणं धुऊन वाळत घातलं की ते हिच्या डोळ्यांत खुपायचं. चंपिकेचे डोळे खोल गेले होते, हाताची कांकणं कोपरापर्यंत सरकत होती, पण तिकडे बघतो कोण? मत्सराला जे बघायचं तेवढंच दिसतं.

आणि रोज संध्याकाळी नेमकी चंपिका तिच्याच दारात यायची. रांगेतलं चंपिकेचं घर शेवटचं, तेव्हा विस्तव पाटलीकडूनच घ्यायचा. पाटलीला विचारावंच लागे, "घरात कोण जेवणार?"

"मी आणि हे," चंपिका म्हणे.

मी आणि हे! रोज तेच. पाटलीला वाटे, ही मुद्दाम हळू बोलते, मला नीट ऐकू जावं म्हणून. तिला स्वतःला विस्तव घेताना 'मी' एवढंच म्हणावं लागायचं. एवढासा तो शब्द, पण तिच्या घशातून निघताना तिचा जीव घेऊन निघायचा.

एका संध्याकाळी तिने खापरीतली खालची राख ओली केली. वर कोरडी राख पसरली, मधे निखारा ठेवला आणि खापरी चंपिकेच्या हातात दिली. चार पावलांच्या अंतरात निखारा काळा पडला. चंपिकेच्या झोपडीतून त्या दिवशी धूर निघाला नाही. पाटलीला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, खूप बरं वाटलं. त्या दिवशी तिचा भात पोटभर गेला. दुसऱ्या दिवशी तिने तेच केलं, आणि मग त्याची सवयच लागली.

कंबुग्रामात म्हणत, ज्या घरी जाताना विस्तव पुन्हा पुन्हा विझतो, त्या घराला विस्तवाने टाकलं. अशा घराशी शेजार ठेवायचा नाही, नाहीतर सगळ्यांच्या चुली विझतात. बायकांत कुजबुज सुरू झाली. तो भद्रक किल्ल्यावरून काहीतरी बरोबर घेऊन आलाय. तो बोलत नाही, त्याला दिवसाही घाम फुटतो, भांडं पडलं तरी किंचाळतो. शेवटी ठरलं की चंपिकेने झोपडी मोडून भट्टीच्या पलीकडे, ओढ्यापाशी जाऊन राहावं. तिथे कोल्ही फिरत. आजारी नवऱ्याला घेऊन तिथे एकटीने राहायचं म्हणजे काय होईल हे सगळ्यांना कळत होतं, आणि सगळ्या खाली मान घालून होत्या.

पाटलीने हे ऐकलं आणि ती गार पडली. एवढं तिला नको होतं. पण तोंड उघडावं तर आपलंच घर ओढ्यापाशी जाईल. तिने तोंड उघडलं नाही. 'जाऊ दे ना,' तिने स्वतःला समजावलं, 'तिला सोबत तरी आहे.'

दिवेलागणीला सगळे भूरीआजीच्या अंगणात जमले. भद्रकालाही आणलं होतं. तो कडेला, सगळ्यांकडे पाठ करून बसला होता. श्रेष्ठीही आला. तो नेहमीप्रमाणे पाटलीच्या दारावरून आला होता. तिच्या चुलीपाशी पाण्याने कालवलेल्या राखेचे गोळे पडले होते. ते त्याला दिसले असणार, पण त्याच्या चेहऱ्यावरून कुणाला काही कळलं नाही.

भूरीआजी म्हणाली, "श्रेष्ठी, जमीन राजाची, विस्तव तुमचा. तुम्ही म्हणाल तसं करू."

"रीत तुमची आहे, आजी. मी मोडणार नाही," तो म्हणाला. "फक्त आज सगळ्यांसमोर एकदा विस्तव दिला जाऊ दे. पाटली देईल, चंपिका घेईल. आणि तुमच्या प्रश्नाला माझा एक प्रश्न जोडा. पाटली, आधी तुमचा नेहमीचा प्रश्न विचार, 'घरात कोण जेवणार?' मग विचार, 'कोणाची वाट पाहतेस?'"

विस्तव द्यायचीच वेळ असल्याने पाटली घरून चंपिकेसाठी खापरी भरूनच आली होती. सवयीने राख आजही ओलीच होती. तिच्या मनात आलं, वा रे श्रेष्ठी, हे विचारायचं ते मला विचारायला हवं होतं. हिला कोणाची वाट पाहायची आहे?

तिने विचारलं, "घरात कोण जेवणार?"

"मी आणि हे."

"कोणाची वाट पाहतेस?"

चंपिकेने एकदा भद्रकाच्या पाठीकडे पाहिलं.

"यांचीच," ती म्हणाली. "हे घरी आलेत असं तुम्ही सगळ्या म्हणता. मला कुठे भेटलेत? मला ओळखत नाहीत. हात लावला की अंग चोरतात. भरवते तेव्हा घास गिळतात, पण कोण भरवतंय ते बघत नाहीत. पाटली, तू निदान रस्त्याकडे बघून वाट पाहतेस गं. मी कुठे बघू?"

पाटलीच्या हातातली खापरी कलली. वरची कोरडी राख उडाली आणि ओल्या राखेचा गोळा, काळ्या पडलेल्या निखाऱ्यासकट, थपकन जमिनीवर पडला. कुणाला काही सांगायची गरज उरली नाही.

"मी करत होते," पाटली म्हणाली. "तुझं माणूस आलं, माझं आलं नाही, म्हणून. मला वाटायचं, तुझ्या घरी सुख आहे. ते मला बघवत नव्हतं."

एकच गलका उठला. हिलाच हाकला, हिलाच ओढ्यापाशी घालवा. ज्या बायका मघाशी चंपिकेला घालवायला निघाल्या होत्या, त्याच आता सर्वांत पुढे होत्या. श्रेष्ठी उठून उभा राहिला.

"हिला घालवलंत तर हिला विस्तव कोण देणार?" त्याने विचारलं. "हिला आजवर तुम्ही रोज विचारलंत, घरात कोण जेवणार. ती रोज 'मी' म्हणाली. तुम्ही तिच्या खापरीत निखारा घातलात आणि तिला पाठवून दिलंत. तिला आणखी काही विचारावं असं कुणाला वाटलं का? मलाही वाटलं नाही. मीही चुकलो."

भूरीआजीने आपल्या चुलीतून नवा निखारा काढून कोरड्या राखेत ठेवला आणि ती खापरी कुणाच्या हातात द्यावी हे न कळून तशीच थांबली. चंपिकेने पुढे होऊन ती घेतली. पाटलीसमोर येऊन उभी राहिली. क्षणभर वाटलं, ही आता निखारा तिच्या अंगावर फेकणार.

"घरात कोण जेवणार?" चंपिकेने विचारलं.

"मी."

"आणि कोणाची वाट पाहतेस?"

बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. 'हे' म्हणावं तर दाखवायला कुणी नव्हतं. सांगायचं कसं, हेच पाटलीला कळेना.

तेवढ्यात कडेला बसलेला भद्रक वळला. किल्ल्यावरून आल्यापासून पहिल्यांदाच त्याने माणसांकडे तोंड केलं.

"सोमक," तो म्हणाला. आवाज गंजल्यासारखा निघत होता. "मीही त्याचीच वाट पाहतोय, वहिनी."

त्या रात्रीपासून पाटली, चंपिका आणि भद्रक यांची चूल एकच झाली. श्रेष्ठीचा प्रश्न कंबुग्रामाच्या रीतीत कायमचा राहिला.

शास्त्यांनी, म्हणजे संघाच्या गुरूंनी, विहारात ही कथा सांगितली तेव्हा समोर भिक्षुणी सुवेणी बसली होती. तिची सोबतीण अनघा हिची सगळे स्तुती करत, म्हणून ती तिच्याशी बोलेनाशी झाली होती. शास्ते म्हणाले, "त्या वेळची पाटली ही सुवेणी होती, चंपिका ही अनघा. भद्रक म्हणजे आपल्यातला मितभाषी भिक्षू उपशम, भूरीआजी म्हणजे विहाराला रोज अन्न देणारी उपासिका सुदत्ता, आणि श्रेष्ठी मीच होतो."

सुवेणीने मान खाली घालून विचारलं, "भंते, सोमक परत आला का?"

"नाही," शास्ते म्हणाले. "पण त्याची वाट पाहायला पाटली पुन्हा एकटी राहिली नाही. याला मैत्री म्हणतात. त्या जन्मी माझ्याकडून तीच पारमिता, म्हणजे बोधीकडे नेणारा गुण, घडली."

सुवेणी उठली आणि अनघेच्या शेजारी जाऊन बसली.