अर्ध्यावर राहिलेला संकल्प

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावाला आपल्या पांजरपोळाचा मोठा अभिमान होता. म्हातारे बैल, लंगड्या गाई, धन्याने हाकलून दिलेली गाढवं, सगळ्यांना तिथे आसरा मिळे. पांजरपोळाचा एक कारभारी होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याला मोठमोठं बोलायची भारी हौस.

दर पाडव्याला तो साऱ्या गावासमोर पाटावर बसून येत्या वर्षाचा संकल्प सोडत असे. उजव्या तळहातावर पाणी घ्यायचं, वर्षभरात काय काय करणार ते मोठ्याने सांगायचं आणि शेवटी ते पाणी ताम्हनात सोडायचं. पाणी सुटलं की शब्द पक्का, अशी तिथली रीत होती. आधी सोडलेल्या संकल्पांचं पुढे काय झालं, हे विचारायची मात्र रीत नव्हती.

त्या वर्षी खुद्द इनामदार येणार होते. त्यांनी निरोप धाडला होता, "संकल्प ऐकतो. मनाला पटला तर नदीकाठचं कुरण पांजरपोळाला देऊन टाकतो." कुरण मिळालं असतं तर उन्हाळ्यातल्या चाऱ्याचा घोर कायमचा मिटला असता. कारभारी हरखून गेला. त्याने मांडव घातला, तोरणं बांधली. पण फाल्गुन संपत आलेला, माती कोरडी ठणठणीत. वारा सुटला की नुसता धुरळा उडे. इनामदारांच्या पागोट्यावर धूळ बसली म्हणजे झालंच.

त्याने पाणक्याला बोलावून बजावलं, "हे बघ, पाडवा होईपर्यंत दुसरं काही करू नकोस. पाणी आणायचं आणि अंगणात शिंपायचं."

विहीर दूर, खाली उतारावर होती. पाणक्याने कावडीमागून कावडी आणल्या. अंगण गारेगार झालं, धूळ बसली, कारभारी खूश झाला.

पाडव्याला मांडव भरला. इनामदार लोडाला टेकून बसले. भटजी म्हणाले, "यजमान, हात पुढे करा," आणि त्यांनी कारभाऱ्याच्या तळहातावर पळीभर पाणी घातलं.

कारभाऱ्याने घसा साफ केला. "येत्या वर्षात आम्ही पांजरपोळाला दगडी कमान बांधू. मोरांसाठी बाग करू. हत्तींसाठी हत्तीखाना उभारू." त्या गावात हत्ती कधी आला नव्हता, पण लोकांनी माना डोलावल्या. कारभाऱ्याला आणखी जोर चढला. "आणि या पंचक्रोशीत एकही जनावर तहानलेलं..."

एवढ्यात त्याच्या हाताला काहीतरी खरखरीत लागलं. गोठ्यातलं म्हातारं गाढव माणसांतून वाट काढत आलं होतं आणि त्याच्या तळहातावरचं पाणी चाटत होतं.

मांडवात हशा पिकला. इनामदारही हसले. कारभाऱ्याचे कान तापले. त्याने कोपराने गाढवाला ढकललं, तसं ते धडपडत मागे सरलं.

"पुन्हा द्या पाणी," तो भटजींना म्हणाला.

पुन्हा पळीभर पाणी तळहातावर आलं. पुन्हा कमान झाली, मोर झाले, हत्ती झाले. "आणि या पंचक्रोशीत एकही जनावर..." म्हणता म्हणता त्याची नजर खाली गेली. ते गाढव निघून गेलं नव्हतं. मघाशी सांडलेल्या थेंबांनी ओली झालेली माती ते चाटत होतं, मातीसकट.

पुढचा शब्द कारभाऱ्याच्या तोंडून निघेना.

"बोला, यजमान, मुहूर्त टळतोय," भटजी कुजबुजले.

कारभाऱ्याने पाणक्याकडे पाहिलं. "जनावरांचा हौद भरला होतास ना रे?"

पाणक्याने मान खाली घातली. "कालपासून नाही, मालक. तुम्ही म्हणालात, दुसरं काही करू नकोस. मलाही वाटलं, एवढ्याने काय होतंय, जनावरं काढतील कळ."

मांडवातला हशा विरला. इतका वेळ गोठ्यातून हंबरणं ऐकू येत होतं. वाजंत्रीच्या आवाजात कुणी ते मनावर घेतलं नव्हतं. कारभाऱ्याने तर सकाळी ते हंबरणं झाकायला वाजंत्रीवाल्यांना जरा जोरात वाजवा म्हणून सांगितलं होतं. ते आठवलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाणी आपण तोडलं, वर ज्याचं तोडलं त्यालाच चारचौघांत कोपर मारलं. शरमेने त्याला मान वर करवेना.

तो पाटावरून उठला. मुहूर्त टळला तो टळलाच. भटजींसमोरचा पाण्याचा तांब्या त्याने ताम्हनात रिकामा केला आणि ताम्हन गाढवापुढे ठेवलं. मग पाणक्याची कावड स्वतःच्या खांद्यावर घेऊन तो विहिरीची वाट उतरू लागला.

इनामदार त्याच्यापाठोपाठ मांडवाबाहेर आले. "कारभारी, ज्याला हौद भरता येत नाही त्याला कुरण देऊन मी काय करू?" ते म्हणाले आणि गाडीत बसून निघून गेले.

हौद भरेपर्यंत दिवस कलला. गावातली चार माणसं आपणहून मदतीला आली होती. जनावरं हौदावर तुटून पडली. कारभाऱ्याने त्या गाढवाच्या मानेवरून हात फिरवायला हात उचलला, तर ते अंग चोरून बाजूला झालं. इतक्या वर्षांचा कारभारी, पण एकही जनावर त्याच्या हाताला ओळखत नव्हतं. तिथेच हौदाच्या कडेला बसून तो रडला.

तो उन्हाळा कठीण गेला. कुरण नव्हतं, म्हणून कारभारी दारोदार फिरून चारा मागे आणि भारा डोक्यावर घेऊन येई. कुणी टोमणा मारला तर ऐकून घेई. रोज सकाळी हौद भरल्याशिवाय तो स्वतः पाण्याला तोंड लावत नसे.

पुढच्या पाडव्याला लोक सवयीने पांजरपोळात जमले. मांडव नव्हता, पाट नव्हता. कारभारी हौद घासत होता.

"कारभारी, यंदाचा संकल्प?" कुणीतरी विचारलं.

त्याने हात थांबवला नाही, वर पाहिलंही नाही. "गेल्या वर्षीचं वाक्यच अजून पुरं व्हायचंय," तो म्हणाला.

तात्पर्य: उद्याच्या मोठ्या कामाचा गाजावाजा करण्यासाठी आज दारात उभ्या असलेल्याच्या तोंडचं पाणी काढून घेऊ नये.