सबुरीचे शिपाई

एका राज्यात सगळं होतं, फक्त राजाच्या लेकीला श्वास पुरत नव्हता. लेकीचं नाव इंदुलेखा. गवताला फुलोरा येई, वाऱ्यावर पिवळी धूळ उडे, की तिच्या छातीत सूं सूं वाजू लागे आणि ओठ निळे पडत. हा शाप कालंजन मांत्रिकाचा. दरबारात त्याचा पाणउतारा झाला, तेव्हा तो म्हणाला होता, "तुझ्या लेकीचे रक्षकच तिचा गळा आवळतील." घ्या! राजा भद्रकेतूनं महालावरचे सगळे पहारेकरी हाकलून दिले. त्यानं काय होणार, कप्पाळ! पोरगी दिवसेंदिवस खंगतच गेली.

मग खिडकीत भारद्वाज पक्षी येऊन बसला. इंदुलेखेला दूध पाजून वाढवणाऱ्या सोनवंती दाईला तो म्हणाला, "रक्षक महालातले नव्हेत, छातीतले. माझं पीस केसांत खोव, मोहरीएवढी होशील. श्वासासोबत आत जा आणि तीन कामं कर. शस्त्र उगारू नकोस. झोपलेल्यांना उठव. नगारा थांबव."

राजाला कुठला धीर! त्यानं तिच्या हाती जहराची कुपी दिली. "दिसेल तो शिपाई मार."

सोनवंतीनं कुपी कमरेला खोचली, केसांत पीस खोवलं आणि श्वासासोबत आत शिरली.

आत वाऱ्याच्या वाटेवर तांबड्या पागोट्यांचे शिपाई दाटीवाटीनं उभे होते. फुलांची धूळ दिसली की शत्रू आला म्हणून नगारा वाजे, नव्या तुकड्या धावत येत आणि सुजलेल्या भिंती आणखी जवळ सरकत. लढाई कोणाशी? तर फुलांशी! सोनवंतीनं नगारा धरला, तसं सरदारानं तिला ढकललं.

"बाजूला हो, बाई. राजकन्येचं रक्षण चाललंय."

"ती मरतेय रे, मेल्या!"

"म्हणूनच तर जोरात लढतोय."

तिचा हात कुपीवर गेला. एक थेंब, की वाट मोकळी. पण उद्या रोगाची खरी साथ आली तर पोरीला राखणार कोण? वाट आणखी आवळली. सोनवंतीचा जीव कासावीस झाला, पण बूच काही तिनं काढलं नाही.

ती आडोशाला गेली. तिथं पांढऱ्या पागोट्यांचे मूठभर शिपाई शापानं निजले होते. हाका मारल्या, खांदे हलवले, उठेनात. तेव्हा तिनं त्यांच्या तळहातांवर त्याच पिवळ्या धुळीची चिमूट चिमूट ठेवली. त्यांनी डोळे उघडले.

"हे तर फूल," थोरला म्हणाला. "मग एवढा आरडाओरडा कशाला?"

ते सावकाश गर्दीत शिरले. एकानं नगाऱ्यावर हात ठेवला, दुसऱ्यानं सरदाराला पाणी पाजलं. थोरला म्हणाला, "दादा, फुलं आहेत. दम खा."

सरदार ओशाळला. "आणि खरा शत्रू आला तर?"

"तर तुम्हीच पुढं. तोवर आम्ही शेजारी बसतो."

तलवारी म्यान झाल्या. भिंतींची सूज ओसरली, वाट रुंद झाली, आणि कालंजनाचा शाप तिथंच विरला. सोनवंती श्वासासोबत बाहेर आली, पीस काढून पुन्हा होती तेवढी झाली.

पलंगापाशी राजा पांढराफटक पडला होता. "दाई, घात झाला! सूं सूं थांबली. हिचा श्वास ऐकूच येत नाही!"

"महाराज," सोनवंती म्हणाली, "बऱ्या माणसाचा श्वास ऐकू येत नसतो."

राजानं भीत भीत लेकीच्या छातीवर हात ठेवला. छाती संथपणे वरखाली होत होती. मग तो तिथंच खाली बसला आणि पोटभर रडला.