मरळीच्या पिलांची राखण

फार पूर्वी, दाट रानाच्या मधोमध एक तळे होते. ते कुणी खोदलेले नव्हते, कुणी बांधलेले नव्हते. रान होते तेव्हापासून ते तिथे होते. तळ्याच्या काठी मासे धरून जगणाऱ्या ढीवरांची वीसेक घरे होती आणि त्यातल्या एका घरात डोमा राहत होता. जाळे टाकणारे वस्तीत पुष्कळ होते, पण गळाने मरळ धरावी ती डोमानेच, असे सगळे म्हणत. डोमालाही ते ऐकायला आवडत असे.

मरळ म्हणजे त्या तळ्यातला वाघच. अंगाने काळी, लांबलचक, डोके सापासारखे. समोर बेडूक येवो की बारका मासा, एका घासात गिळायची. वस्तीची पोटे तिच्यावरच भरत. मात्र मृग लागल्यापासून पोळा होईपर्यंत कुणी तिला हात लावत नसे. या दिवसांत मरळीची मादी शेवाळात अंडी घालते आणि निघून जाते. नर तिथेच थांबतो. अंड्यांतून लाल पिले निघतात, शेंदूर सांडावा तसा त्यांचा एकच पुंजका पाण्यावर तरंगतो, आणि नर त्याच्याखाली फिरत राखण करतो. म्हणून तेवढे दिवस तळ्यावर गळ बंद. हा नियम कुणी घातला ते कुणालाच ठाऊक नव्हते, पण वस्तीचा म्हातारा मुखिया लखाजी तो पाळायला लावत असे.

त्या वर्षी आषाढात डोमाची बायको भागरता बाळंत झाली. मुलगी झाली. सुईणीने मासळीचा रस्सा द्यायला सांगितले, तेव्हा लखाजीने स्वतः ओढ्यावरून झिंगे आणि बारीक मासळी आणून दिली. भागरतेला त्या रश्श्याने चांगले दूधही येऊ लागले. पण डोमाच्या मनाला ते लागले. त्यात मेहुणा मुलीला बघायला येतो असा निरोप आला. एवढा नावाजलेला गळवाला, आणि पाहुण्यासमोर झिंग्यांचा रस्सा ठेवायचा, हे काही त्याला सोसेना.

एका दुपारी सगळे ओढ्यावर गेलेले बघून त्याने गळ उचलला आणि डोंगा पाण्यात ढकलला.

आभाळ खाली उतरले होते. वारा अजिबात नव्हता. पाणी काळेभोर आणि असे स्थिर, की वल्ह्याचा आवाजसुद्धा मोठा वाटत होता. शेवाळापाशी त्याला लाल पुंजका दिसला. सुपाएवढा होता. हजारो पिले एकदम वर येत, तोंडाने हवा घेत आणि खाली जात. त्याचा एक बारीक आवाज होई, चुट् चुट् चुट्, जणू खूप ओठ एकाच वेळी काहीतरी चोखत आहेत.

डोमाने गळाला बेडूक लावून पुंजक्याच्या मधोमध सोडला. नर वर आला. त्याने बेडूक गिळला नाही. तोंडात धरला, दूर नेला आणि सोडून दिला. डोमाने पुन्हा टाकला. नराने पुन्हा तसेच केले. तिसऱ्या वेळी मात्र तो रागाने धावून आला आणि गळ त्याच्या ओठात रुतला.

एवढा मोठा मासा, पण त्याने झटापट केली नाही. डोंग्यात पडल्यावर त्याने तोंड पिलांकडे वळवले आणि तसाच राहिला.

डोमा वल्हवत निघाला. थोड्या वेळाने त्याला पाठीमागे तोच आवाज ऐकू आला. वळून बघतो तर लाल पुंजका डोंग्याच्या सावलीत येत होता. तो थांबला, पुंजका थांबला. तो निघाला, पुंजका निघाला. काठाला लागेपर्यंत तो त्याच्या मागे आला.

घरी त्याने सांगितले की मासा ओढ्याच्या खालच्या डोहात मिळाला. दाराशी बसून तो मासा साफ करू लागला. भागरता खाटेवरून बघत होती. तीही ढीवराचीच लेक. डोमाने पोट चिरले तेव्हा ती म्हणाली, "आतडी रिकामी आहेत याची. हा कितीतरी दिवस जेवलेला नाही."

संध्याकाळी मेहुणा पोटभर जेवला, वाहवा करून गेला. भागरतेने आपली वाटी तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोमा आंघोळीला तळ्यात उतरला, तर पुंजका त्याच्या गुडघ्यांभोवती येऊन थांबला. तो पलीकडच्या काठाला गेला. दुपारपर्यंत पुंजका तिकडे हजर. खंड्या वरून झेप घेई, पाणकावळा खालून येई, आणि पिले पळत नसत. पळा म्हणून सांगणारा कुणी उरला नव्हता. ती नुसती डोमाजवळ सरकत.

मग तो तीन दिवस तळ्याकडे फिरकलाच नाही. पण घरात मुलगी अंगावर पिऊ लागली की तोच आवाज येई. चुट् चुट् चुट्. डोमा उठून बाहेर जाऊन बसे, तरी कानातला आवाज जाईना. चौथ्या दिवशी पाण्याला गेलेल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन परत आल्या. काठाशी काहीतरी लाल, डोमाच्या घराकडे तोंड करून थांबले आहे, असे त्या सांगत होत्या. डोमा गेला. सुपाएवढा पुंजका आता ताटाएवढा उरला होता.

तसाच तो लखाजीकडे गेला आणि सगळे सांगून टाकले. पंचायत जो दंड ठरवील तो देतो म्हणाला.

"मी काय दंड ठरवू, डोमा?" लखाजी म्हणाला. "तू त्यांचा बाप नेलास. आता ती तुलाच बाप समजतात."

दुसऱ्या दिवशी उजाडताच डोमा कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहिला. पुंजका त्याच्याभोवती गोळा झाला. खंड्या आला की तो हात उडवी. पाणकावळा आला की पाणी आपटी. सूर्य मावळला, पक्षी झाडावर गेले, की पिलांना दाट शेवाळात लोटून घरी येई. असे एकामागून एक दिवस गेले. पायांना जळवा लागत, पण त्याला कळत नसे. पुढे पुढे पाणी थंड आहे हेही कळेनासे झाले. भागरता मुलीला उराशी धरून भात घेऊन येई आणि भात तसाच परत नेई. त्याला भूकच लागत नव्हती.

एका दुपारी तिने पाण्यात पाहिले. डोमाची सावली काळी आणि लांब दिसत होती, आणि तिला हात नव्हते. भागरता घाबरली, पण पळाली नाही. मुलीला काठावर निजवून, लुगडे भिजवत ती पाण्यात उतरली आणि त्याच्या तोंडाशी घास धरला.

"जेवा," ती म्हणाली. "राखण करा, मी नाही म्हणत नाही. पण तुम्ही मासा नाही. तुमची एक लेक घरीही आहे."

डोमाने कष्टाने तोंड उघडले. तो एक घास खायला त्याला फार वेळ लागला. त्यानंतर ती रोज पाण्यात उतरून त्याला भरवू लागली. रोज एक घास वाढे.

आणखी एक दिवस परीक्षेचा आला. दुसरी एक मोठी, भुकेली मरळ पुंजक्यावर चालून आली. डोमा मध्ये उभा राहिला. तिने त्याच्या पोटरीचा लचका काढला, पाणी लाल झाले, पण तो जागचा हलला नाही. मरळ दोन घिरट्या घालून निघून गेली.

पोळ्याच्या सकाळी डोमा पाण्यात उतरला, तेव्हा पिलांचा लाल रंग गेलेला होता. ती काळपट हिरवी झाली होती, बोटाएवढी झाली होती. बघता बघता त्यातले एक बाजूला सुटले आणि शेवाळात शिरले. मग दुसरे गेले. मग सगळीच चहूकडे पांगली. एकानेही वळून पाहिले नाही. दुपारपर्यंत पाण्यावर काही उरले नाही. डोमा रिकाम्या पाण्यात थोडा वेळ उभा राहिला आणि मग लंगडत घरी आला. भागरतेने वाढले. तो खाली मान घालून जेवला आणि पुन्हा भात मागितला.

दुसऱ्या दिवसापासून तळ्यावर गळ सुरू झाले. डोमाही गेला. मासेमाराने मासे धरायचे नाहीत, असे कुणी म्हणत नव्हते.

पुढच्या वर्षी मृग लागला आणि शेजारच्या गावचे दोघे गळ घेऊन तळ्यावर आले. डोमाने त्यांना अडवले नाही, शिव्या दिल्या नाहीत. त्याने दोघांना डोंग्यात बसवले, एका लाल पुंजक्यापाशी नेले आणि काही न बोलता घटकाभर तिथेच थांबवले. खालून काळा नर फिरत होता, पिले वर येऊन हवा घेत होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि आपापल्या दोऱ्या गुंडाळल्या.

तात्पर्य एवढेच: जो कुणाची राखण करतो आहे त्याला उचलून नेऊ नये. नेले, तर ती राखण आपल्याला करावी लागते.