विमानाच्या नाकावरचा शेमला

"इंजिनात वारा गेला पाहिजे, वाळू जाता कामा नये, आणि वेग एका मैलानंही घटता कामा नये!" वाळवंटातल्या धोरपूर संस्थानाचे महाराज गरजले. "उद्या दुपारपर्यंत जमव, केरबा मिस्त्री. नाहीतर बिऱ्हाड उंटावर लाद आणि चालू लाग!"

धावपट्टी झाडणाऱ्या चिमाचा खराटा थबकला. केरबा तिचा बाप.

महायुद्ध चालू होतं, म्हणून महाराजांनी हौसेनं एक लढाऊ विमान घेतलं होतं. थंड मुलखातलं ते यंत्र इथं अकरा तासांतच घरघरलं. वाळूनं इंजिन आतून खरवडून निघालं. मग तीन सल्लागारांनी त्याच्या हनुवटीखाली गाळणीची भलीमोठी पेटी बसवली. वेग तीस मैलांनी उतरला!

"ही लढाऊ घार आहे की गलगंड झालेली कोंबडी?" महाराज कडाडले. सल्लागारांनी मिस्त्रीकडे बोट दाखवलं. शिवाय एकानं सुचवलं, वाळवंटावर पाणी शिंपडावं. दुसऱ्यानं सुचवलं, वाळूवर बंदीहुकूम काढावा. तिसऱ्यानं दोघांनाही अनुमोदन दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी महाराज उघड्या मोटारीतून धुरळा उडवत आले. फेट्याचा शेमला नाकावर घट्ट धरलेला. मांडवात बसल्यावर त्यांनी तो सोडला.

"काय रे मिस्त्री?"

केरबा बोलण्याआधीच चिमा पुढे झाली. "सरकार, मघाशी शेमला नाकावर होता. आता का सोडलात?"

"अगं, इथं धूळ कुठाय? उगाच गुदमरून घेऊ?"

"मग दहा हजार फुटांवर तरी धूळ कुठाय? त्या बिचाऱ्या विमानानं तिथं का गुदमरावं?"

महाराजांनी मान वळवून विमानाकडे पाहिलं.

"बाबांनी झडप बसवलीय, सरकार. दांडी ओढली की वारा गाळणीतून, सोडली की सरळ आत. उडता-उतरताना ओढायची, वर गेलं की सोडायची. घटकाभराचंच काम, म्हणून गाळणीही लहान केली. विमानाच्या पोटातच मावली, हनुवटीखालची पेटी गेली!"

"आणि वर वावटळीनं गाठलं तर?" पहिला सल्लागार खेकसला.

"तर पुन्हा ओढायची, साहेब! शिंक आली की तुम्ही रुमाल काढता, का जन्मभर नाकाला बांधून हिंडता?"

विमान उडालं, घिरट्या घालून उतरलं. वैमानिक ओरडला, "एक मैलही कमी नाही, सरकार!"

महाराज खदखदून हसले. "केरबा, आजपासून विमानखातं तुझ्या हाती! आणि पोरी, तुला काय हवं?"

चिमानं खराटा पुढे केला. "पट्टी फार लांब आहे, सरकार. झाडायला तीन माणसं मिळाली तर..."

महाराजांनी तिन्ही सल्लागारांकडे पाहिलं आणि इतके हसले, की फेटाच घरंगळला.

"दिली!"