चारशे सतरा व्हायरस

मिरजेच्या रिटायर्ड नर्स एस्तेर सिस्टर घरचा कॉम्प्युटर घेऊन शेट्यांच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात आल्या. शेट्यांनी स्कॅन करून चारशे सतरा व्हायरस दाखवले. सिस्टरांचं डोकंच फिरलं. कालच शेजारणीलाही चारशे सतराच दाखवून शेट्यांनी महागडं अँटिव्हायरस माथी मारलं होतं!

"बाई, तुम्हाला यातलं कळत नाही. आज घेतलं नाहीत तर गेलेल्या मिस्टरांचे फोटोही जातील," शेटे गुरकावले.

"आधी हेच स्कॅन तुमच्या कॉम्प्युटरवर चालवा!" सिस्टर म्हणाल्या.

गिऱ्हाइकांसमोर शेट्यांना नाही म्हणता येईना. तिथंही आकडा आला चारशे सतरा.

सिस्टर कडाडल्या, "वॉर्डात एखादा थर्मामीटर सगळ्यांनाच एकशे चार ताप दाखवायला लागला, तर आम्ही पेशंटना इंजेक्शनं टोचत बसायचो नाही. थर्मामीटर फेकून द्यायचो!"