न विचारलेली खुशाली

एका गावात एक पोरगा होता, पण तो त्या गावात मावत नव्हता. झोपला की पाय दाराबाहेर, उभा राहिला की डोकं छपराला. नाव बिराम. गाव समुद्राकाठचं, कोळ्यांचं, सेनेगल देशातलं. आता सेनेगल कुठे असं विचारलं तर तुमच्यातले निम्मे जण पंख्याकडे बघतील, म्हणून मीच सांगतो. आफ्रिकेच्या नकाशाला डावीकडे नाक आहे ना, तिथे.

एवढा लांब माणूस होडीत बसवला की होडी एकीकडे कलायची. म्हणून गावानं त्याच्या हातातलं जाळं काढून बास्केटबॉल दिला. तो खेळला, झकास खेळला, आणि उत्तरेकडच्या एका बर्फाळ देशातल्या क्लबानं त्याला पगारी खेळाडू म्हणून बोलावून घेतलं.

निघताना आई म्हणाली, "बिराम, माणूस भेटला की आधी खुशाली विचारायची. न विचारता पुढे गेलास, तर त्याच्याशी भांडण काढलंस असं समज."

त्यांच्या गावची रीतच तशी. तू कसा, आई कशी, घर कसं, होडी कशी, शेळी कशी. समोरचा दरवेळी म्हणणार, "शांतता आहे." मग तो उलट विचारणार, आणि आपण म्हणायचं, "शांतता आहे." शेळीपर्यंत पोचेतो भरती सरून ओहोटी लागते. आपल्यासारखं नाही. आपण "काय, बरं ना?" म्हणतो आणि उत्तर यायच्या आत स्कूटरला किक मारतो.

बर्फाच्या गावात सगळा उलटा कारभार. तिथे माणसं एकमेकांच्या बुटांकडे बघून चालत. बिरामनं त्यांच्या भाषेतली पहिली वाक्यं पाठ केली ती खुशालीचीच. पहिल्याच सकाळी तो कोच युर्गिसपुढे उभा राहिला. कोच म्हातारा, लंगडा आणि जन्माचा चिडका.

"कोच, कसे आहात? घर कसं आहे? गुडघा कसा आहे?"

"हं," कोच म्हणाला. त्या गावात एवढ्यालाच भाषण समजतात.

बिरामला वाटलं, ऐकू आलं नसेल. दुसऱ्या सकाळी मोठ्यानं विचारलं. परत "हं." पण आईचा शब्द म्हणजे शब्द. तो रोज विचारत राहिला, आणि कोच रोज हंबरत राहिला.

मग पहिला सामना आला. पंच चेंडू वर उडवणार, एवढ्यात बिरामनं समोरच्या धिप्पाड गड्याला विचारलं, "भाऊ, आई कशी आहे?"

गडी दचकला. "माझी आई? का? काय झालं तिला?"

झालं! त्याचं खेळावरचं ध्यानच उडालं. मध्यंतरात त्यानं घरी फोन लावला. आई मजेत केक खात होती. ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय? तुला काय झालंय ते सांग!" आता दोघंही घाबरली. बिरामची टीम जिंकली.

कोच लंगडत आला आणि त्यानं बिरामच्या पाठीत धपाटा घातला. "काय डोकं आहे रे! असला डाव मी उभ्या जन्मात पाहिला नाही."

"डाव कसला, कोच? मी तर नुसतं विचारलं."

"हां हां, सगळ्यांना असंच सांगत जा." कोचनं डोळा मारला.

बिराम चक्रावला. घरी ज्याला माणुसकी म्हणत त्याला इथे डाव म्हणत होते, आणि वर शाबासकीही देत होते. ती घ्यावी की परत करावी, त्याला कळेना.

एकच खेळाडू दचकला नाही. तो शेजारच्या गावच्या टीमचा राइमोन. आईचं विचारल्यावर तो म्हणाला, "तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलंय. आमच्या टीमला माहीत आहे, पण विचारलंस तू एकट्यानं." पुढे त्या दोन टीमची गाठ पडली की हे दोघं आधी आईबद्दल बोलत आणि मग एकमेकांना खुशाल कोपरं मारत.

शेवटचा सामना नेमका त्याच टीमशी आला. सकाळी कोचनं ऐकवलं, "हरलो तर परदेशी खेळाडूच्या जागेवर मी दुसरा माणूस आणणार. तू आपली पिशवी भर."

सामना बरोबरीत आला. वेळ संपली, आणि नेमकं तेव्हाच राइमोनला ढकलल्याबद्दल पंचानं त्याला दोन फ्री थ्रो दिले. म्हणजे रेघेवर एकट्यानं उभं राहून चेंडू जाळीत टाकायचा, कुणी आडवं यायचं नाही. एक जरी गेला तरी सामना राइमोनचा.

कोचनं बिरामला खेचून कानात सांगितलं, "त्याच्या आईचं ऑपरेशन झालंय ना? आत्ता विचार, कशी आहे म्हणून. नेम चुकेल त्याचा."

बिराम रेघेजवळ गेला. तोंडात रोजचंच वाक्य होतं. शब्द तेच, माणूस तोच, पण आज ते वाक्य मासा कापायच्या सुरीसारखं लागत होतं. विचारावं तर दगा, न विचारावं तर भांडण. आई, तू हे सांगितलं नव्हतंस! शेवटी त्यानं तोंड मिटलं आणि जन्मात पहिल्यांदा तो कुणाच्या तरी बुटांकडे बघू लागला.

राइमोननं वाट पाहिली. बिराम विचारेना. राइमोनचा चेहरा उतरला. हा गप्प का? ह्याच्या कानावर काही वाईट आलंय का? पंचानं चेंडू दिला. राइमोनचा नेम चुकला, आणि चेंडू कड्याला आपटून बाहेर गेला.

कोच एका पायावर नाचला. "न विचारून मारलास रे! वा रे पठ्ठ्या! आता परत तोंड उघडू नकोस!"

बिरामनं राइमोनचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि आपण विचारलं नाही म्हणून हा घाबरलाय, हे त्याला समजलं. दुसरा चेंडू पंचाच्या हातात होता, एवढ्यात तो बोललाच, "भाऊ, मला काहीच माहीत नाही रे. सांग ना, आई कशी आहे?"

राइमोनचा जीव भांड्यात पडला. "घरी आलीय. काल सूप अळणी झालं म्हणून माझ्यावर ओरडली."

"ओरडली? मग शांतता आहे," बिराम म्हणाला.

दुसरा चेंडू जाळीत अलगद पडला, आणि बिरामची टीम हरली.

कोचनं जे शब्द वापरले ते पोरांच्या गोष्टीत छापत नाहीत. शेवटचा तेवढा छापतो: "चालता हो!"

दुसऱ्या दिवशी सराव होता. कोच मैदानात आला. सगळे बुटांकडे बघत होते. गुडघा कसा आहे, कुणी विचारलं नाही. कोचला करमेना. शिट्टी वाजवायची विसरला. एका खेळाडूला दोनदा रागावला, आणि का ते त्यालाही कळेना. शेवटी लंगडत लंगडत तो बिरामच्या खोलीवर गेला. बिराम पिशवीची चेन ओढत होता. आपल्याला काढून टाकणाऱ्या कोचला खुशाली विचारायची की नाही, हे आईनं सांगितलं नव्हतं, म्हणून तो गप्प राहिला.

कोच दारात अवघडून उभा राहिला.

"गुडघा दुखतोय," तो म्हणाला.

"गरम मिठानं शेका, कोच."

"हं." मग कोचनं दाराची चौकट घट्ट धरली, जणू कुणी ढकलतंय. "आणि... तुझी आई? तुझी आई कशी आहे?"

त्या गावात आल्यापासून बिरामला हे कुणीच विचारलं नव्हतं. एवढा उंच माणूस, पण वाकून त्यानं कोचच्या डोळ्यांत पाहिलं.

"शांतता आहे, कोच."

"बरं. मग पिशवी सोड. सरावाला उशीर होतोय. आणि ऐक, रस्ताभर शेळीबिळी विचारू नकोस. माझ्याकडे शेळी नाही."

तात्पर्य: खुशाली विचारावी ती उत्तर ऐकण्यासाठी, डाव साधण्यासाठी नव्हे, आणि जो आपल्याला रोज विचारतो, त्याला उलट विचारायला गुडघा दुखेपर्यंत थांबू नये.