जहाजावरच्या पंगतीत केरबा आचारी

एका गावात एक भोळा आचारी होता. केरबा त्याचं नाव. गावाचं नाव लक्षात ठेवायची गरज नाही, कारण ही गोष्ट सगळी पाण्यावर घडते.

केरबाच्या हातची बासुंदी पंचक्रोशीत नावाजलेली. पण पाहुणे खायचे त्याहून जास्त बासुंदी केरबा चव बघता बघताच संपवायचा. चव बघून बघून तो असा सुटला, की चुलीपुढे एकदा बसला की त्याला उठवायला दोन माणसं लागायची. शेवटी शहरातल्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून त्याचं पोट लहान केलं.

डॉक्टर म्हणाले, "केरबा, तुमचं पोट आता वाटीएवढं आहे. दोन-चार चमचे खायचं. घास पार बारीक झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. जास्त खाल्लंत तर पुन्हा माझ्याकडेच याल."

डॉक्टर केरबाला आवडले होते. पण पुन्हा जावं इतके नव्हते.

त्याच सुमाराला केतकीचं, म्हणजे केरबाच्या लेकीचं, लग्न जमत आलं. मुलगा देवदत्त प्रवासी जहाजावर नोकरीला. मुंबईहून निघायचं, समुद्रात फिरायचं, दिवसभर खायचं आणि मुंबईलाच परत यायचं, असलं ते जहाज. परत तिथंच यायचं तर निघायचं कशाला, हे केरबाला कळेना. पण मुलाच्या आईवडिलांनी आमंत्रण दिलं. म्हणाले, "आमच्याबरोबर देवदत्ताच्या जहाजावर चला. एका टेबलावर जेवू, माणसं कळतील. उतरायच्या आत होय की नाही ते ठरवू."

केतकीला देवदत्त मनापासून आवडला होता. ती आईला म्हणाली, "आई, बाबांना तेवढं सांभाळ गं."

आई म्हणजे हौसाबाई. त्यांनी जहाजाच्या शिडीवरच नवऱ्याला बजावलं, "अहो, ऑपरेशनबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. घरात आजारपण आहे म्हटलं की लोक सोयरीक मोडतात."

"नाही बोलणार," केरबा म्हणाला. आणि खरंच नाही बोलला. बाकीचं सगळं केलं.

पहिल्या जेवणाला देवदत्त कामावर होता, बाकी सगळे एका टेबलाशी बसले. व्याही रघुनाथराव भारी आग्रही माणूस. आपल्या ताटातली जिलबी उचलून केतकीच्या ताटात टाकत, आपली पुरी बायकोच्या ताटात सारत. "खा हो, खा! आम्हाला खाणारी माणसं आवडतात," असं त्यांचं चाललेलं. असा दिलदार माणूस केरबानं पाहिला नव्हता. स्वतःसाठी काही म्हणून ठेवत नव्हता.

विहीण कुमुदिनीबाईंनी विचारलं, "काय मग व्याहीबुवा, आमचा देवदत्त पसंत आहे ना?"

केरबाच्या तोंडात नेमका पनीरचा तुकडा होता. तो चावत राहिला. विहीणबाई थांबल्या. केरबा चावतोय. रघुनाथराव खाकरले. केरबा चावतोय. शेजारच्या टेबलावरची माणसं जेवून, हात धुऊन निघून गेली. शेवटी केरबानं घास गिळला, तोंड उघडलं आणि म्हणाला, "बरं आहे. पण मीठ कमी आहे."

विहीणबाईंचा चेहरा असा काही झाला, की विचारू नका.

खोलीत गेल्यावर हौसाबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, पोराविषयी विचारत होत्या त्या! कुणी काही विचारलं की लगेच म्हणायचं, हो हो, आवडेल की! कळलं?"

"कळलं."

सकाळी नाश्त्याला वेटर आला. "साहेब, डोसा आणू?"

"हो हो, आवडेल की!"

"इडली?"

"हो हो, आवडेल की!"

"शिरा? आलू पराठा? कॉर्नफ्लेक्स?"

केरबानं कशालाच नाही म्हटलं नाही. वेटरला असं गिऱ्हाईक जन्मात भेटलं नव्हतं. तो आत गेला आणि चौघांना घेऊन आला. टेबल भरलं. शेजारचं टेबल ओढून जोडलं, तेही भरलं. केरबानं दोन चमचे शिरा खाल्ला, घाम पुसला आणि चमचा खाली ठेवला.

"एवढं मागवून टाकलंत?" विहीणबाईंनी डोळे मोठे केले. "आचारी ना तुम्ही? अन्नाची ही किंमत?"

हौसाबाई खोलीत येऊन म्हणाल्या, "अहो, सगळं कशाला घेतलंत? समोर आलं की आपल्याला लागेल तेवढंच ठेवायचं. बाकीचं हात जोडून परत करायचं."

"एवढंच ना? मग आधी सांगायचं."

दुपारी व्याही-विहीण पुन्हा जरा खुशीत आले. समुद्र छान दिसत होता. रघुनाथराव तबक घेऊनच वर आले. तबकात आहेर होता. केरबाला शाल, टोपी, शर्ट-पँटचं कापड. हौसाबाईंना पैठणी. वर नारळ. त्यांनी तबक केरबापुढे धरलं.

केरबानं नीट विचार केला. शाल? उकडतंय. टोपी? डोक्यावर आहे. कापड? अंगावर कपडे आहेत. नारळ मात्र आचाऱ्याला कधीही लागतो. त्यानं नारळ उचलला, काखेत मारला आणि हात जोडले. "एवढं पुरे. बाकीचं परत न्या."

"पैठणीसुद्धा?" विहीणबाईंचा आवाज चिरकला.

"तिच्याकडे लुगडी आहेत की."

आता आहेर परत करणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. केतकीचा चेहरा पांढरा पडला. हौसाबाईंनी धावत जाऊन तबक धरलं. "त्यांना ऊन लागलंय हो!" म्हणत त्यांनी शाल घेतली, कापड घेतलं, आणि पैठणी तर छातीशीच धरली.

"अहो, माणसं जीव लावून देतात," त्या खोलीत रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "कुणी काही दिलं की दोन्ही हातांनी घ्यायचं, कपाळाला लावायचं आणि तिथल्या तिथे अंगावर घालायचं. म्हणजे देणाऱ्याला बरं वाटतं."

"देणाऱ्याला बरं वाटायलाच पाहिजे," केरबा म्हणाला.

संध्याकाळी वेटरनं केरबाला टोमॅटोचं सूप दिलं. बिचाऱ्यानं मुद्दाम कोमट करून आणलं होतं. केरबानं वाडगा दोन्ही हातांनी घेतला. कपाळाला लावला. मग उभा राहिला आणि सूप अंगावर घातलं. वरून खालपर्यंत, काही शिल्लक न ठेवता. मग वेटरकडे बघून हसला. वेटरला काही बरं वाटलेलं दिसलं नाही.

विहीणबाई उठल्याच. "हौसाबाई, उद्या जहाज मुंबईला लागेल. त्याआधी दुपारच्या जेवणाला शेवटचं काय ते सांगतो. पण तुमच्या यजमानांना आमच्या घरचं काही गोड लागत नाही, एवढं आम्हाला कळलंय."

केतकी खोलीत आली आणि बापाजवळ बसली. त्याच्या कानामागचं सूप पुसता पुसता म्हणाली, "बाबा, मला त्याच घरात जायचंय हो."

केरबाचं पोट लहान होतं, पण लेकीपुरती जागा त्यात होती. "अगं, मी सांगितलेलं सगळं केलं," तो म्हणाला. "एकही गोष्ट विसरलो नाही."

ते खरं होतं, हेच तर दुखणं होतं.

हौसाबाईंनी हात टेकले. "आता मी काही सांगणारच नाही. उद्या मी करीन तसं करायचं. मी जे करीन ते, मी जे बोलीन ते. बास!"

केरबाला हलकं वाटलं. इतकी सोपी गोष्ट तिनं शिडीवरच सांगितली असती तर!

दुसऱ्या दिवशी जेवायला बसले. हौसाबाई, त्यांच्या उजव्या हाताला केरबा, केरबाच्या उजव्या हाताला रघुनाथराव. समोर विहीणबाई आणि केतकी. मलई कोफ्ता आला, जिरा राइस आला, पाच प्रकारचं गोड आलं. हौसाबाईंनी चमचा भरला. केरबानंही भरला. हौसाबाईंनी खाल्लं. केरबानंही खाल्लं. तेव्हा कुठे हौसाबाईंच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो. आता मी पोटभर जेवले तर हेही जेवणार, आणि डॉक्टर काय म्हणाले होते! जहाजावर यायचं ठरल्यापासून त्या बाईंनी जेवणाचीच स्वप्नं पाहिली होती. पण त्यांनी दोन चमचे खाल्ले आणि ताट सारलं. केरबानंही सारलं.

"आता दोघांनीही?" विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी डबा उघडला. "हे या जहाजाचं नाही. माझ्या हातचे बेसनाचे लाडू आहेत, घरून आणलेत. अख्खा एकेक खा, तर सोयरीक. नाहीतर राहिलं."

केतकी आईकडे बघू लागली. हौसाबाई लाडवाकडे. केरबा हौसाबाईंकडे. हौसाबाईंनी लाडू उचलला. केरबानं उचलला. हौसाबाईंनी तोंडाजवळ नेला. केरबानंही नेला, आणि त्याचं तोंड हे भलंमोठं उघडलं.

हौसाबाईंचा धीर सुटला. त्यांनी लाडू खाली ठेवला आणि ढसाढसा रडायला लागल्या. केरबानं लाडू खाली ठेवला आणि ढसाढसा रडायला लागला. हौसाबाईंनी हात जोडले, उजवीकडच्या माणसाकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "यांच्या पोटाचं ऑपरेशन झालंय हो! यांना खाता येत नाही. आम्ही लपवलं, माफ करा!"

केरबानं हात जोडले. उजवीकडच्या माणसाकडे, म्हणजे रघुनाथरावांकडे, बोट केलं आणि म्हणाला, "यांच्या पोटाचं ऑपरेशन झालंय हो! यांना खाता येत नाही. आम्ही लपवलं, माफ करा!"

हौसाबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले. संपलं सगळं.

पण कुणी ओरडेना. त्यांनी एक डोळा उघडला. रघुनाथरावांच्या हातात त्यांचा लाडू होता, केतकीच्या ताटापर्यंत निम्म्या वाटेवर पोचलेला. ते तसेच थिजले होते.

"तुम्हाला... तुम्हाला कुणी सांगितलं?" ते पुटपुटले.

"अगंबाई!" विहीणबाई मटकन खुर्चीत बसल्या. "देवदत्तालासुद्धा बोलू नको म्हणून बजावलं होतं! मुलीकडची माणसं काय म्हणतील, म्हणून..."

मग सगळ्यांनी रघुनाथरावांच्या ताटाकडे पाहिलं. दोन चमचे खाल्लेले होते. बाकी सगळं दुसऱ्यांच्या ताटांत.

विहीणबाई आधी हसल्या, मग रडल्या, मग दोन्ही एकदम. "ठरलं! पोरगी आमची!" म्हणाल्या. केतकी सगळं सोडून देवदत्ताला सांगायला पळाली. हौसाबाईंनी घाईघाईनं पिशवीतून कुंकवाची डबी काढली, विहिणीला कुंकू लावलं, खण-नारळ, तांदूळ घेतले आणि तिथंच त्यांची ओटी भरली. आनंदाच्या भरात त्या एक गोष्ट मात्र विसरल्या. नवऱ्याला 'आता पुरे' म्हणायचं राहून गेलं.

केरबानं डबीतलं कुंकू बोटावर घेतलं आणि रघुनाथरावांच्या कपाळाला लावलं. खण म्हणून टेबलावरचा रुमाल घेतला. त्यावर मूठभर जिरा राइस घातला. पिशवीतून आहेरातला नारळ काढून वर ठेवला. आणि भरल्या डायनिंग हॉलमध्ये त्यानं व्याह्यांची ओटी भरली.

रघुनाथरावांनी कोट पसरून ती घेतली. ते म्हणाले, "व्याहीबुवा, जहाजावर आल्यापासून माझ्या पदरात पडलेलं मी दुसऱ्याच्या ताटात टाकलं नाही, असं हे पहिलंच जेवण."